डाव केव्हा सोडावा?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात बार्देशातील हडफडे येथे बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा भरली आणि जगातले २०६ खेळाडू गोमंतकभूमीत उतरले. अशा स्पर्धा पाहणाऱ्या आमच्या मुलांच्या एक गोष्ट ध्यानी आलीच असेल. थोरांच्या पटावर प्रत्यक्ष मात क्वचितच होते. बहुतेक डाव त्यापूर्वीच सोडले जातात. मग हरणाऱ्याने डाव नेमका केव्हा सोडावा? प्रश्न वरकरणी लहान आहे, परंतु त्यात विवेक आणि धैर्य या दोहोंची कसोटी लागते.

हार मान्य करताक्षणी डाव संपतो. मागाहून सुचलेली चाल कामी येत नाही. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' या यंत्राविरुद्धच्या सामन्यातील दुसरा डाव गॅरी कास्पारोव्ह यांनी ४५ व्या चालीनंतर सोडून दिला. वजीर आत घुसवून सततच्या शहाने बरोबरी साधता आली असती, असे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले. सामना अखेर साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी गेला, हे पाहिले म्हणजे त्या अर्ध्या गुणाचे मोल कळते. आमच्या मते त्या डावात पटापेक्षा यंत्राच्या धास्तीनेच त्यांना अधिक हरविले.

याउलट उदाहरण गुकेशचे. १ जून २०२५ रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे कार्लसनविरुद्धचा त्याचा डाव जवळजवळ गेलेलाच होता. तरीही तो चिवटपणे खेळत राहिला. घड्याळातला वेळ आटत गेला, कार्लसनची घोड्याची एक चाल चुकली आणि टेबलावर मूठ आपटून डाव सोडण्याची पाळी त्याच्यावर आली.

म्हणून डाव कधी सोडूच नये काय? तसेही नव्हे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेन यांनी ५५ व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. मोहऱ्यांची मारामारी होऊन पटावर राजे आणि प्यादीच उरली. पुढचे गणित दोघांनाही स्वच्छ दिसत होते. तीनच चालींनंतर डिंग यांनी हात पुढे केला. जगज्जेतेपद जात असतानाही त्यांनी डाव उगाच लांबविला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

तेव्हा डाव सोडण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत, असे आम्हांस वाटते. समोरच्याच्या जागी आपण असतो, तर हा डाव निश्चित जिंकला असता काय? आणि त्याला चुकण्यास वाव देणारी एखादी तरी चाल आपल्यापाशी उरली आहे काय? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तरच डाव सोडावा. मात्र चूक घडल्याच्या संतापात हा निर्णय कधीही घेऊ नये. घड्याळात वेळ असेल, तर आधी मन स्थिर होऊ द्यावे.

नवशिक्या मुलांनी तर डाव सोडण्याची घाईच करू नये. समोरचाही शिकाऊच असतो. वजीर हाती असूनही तो राजाला शह न देताच कोंडून बसतो आणि जिंकलेला डाव बरोबरीत घालवितो. शिवाय मात कशी होते हे सोसून पाहिल्यावाचून मात कशी करावी हे कळत नाही. पोर हरू लागताच 'चल, सोड' म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. डाव सोडण्याचा अधिकार खेळणाऱ्याचा आहे, पाहणाऱ्याचा नव्हे.