गाणे अरिवूचे, मुखपृष्ठ दुसऱ्याचे

तामिळनाडूचे कवी आणि रॅप गायक अरिवू यांचे नाव महाराष्ट्रातील आंबेडकरी तरुणांना आता नवीन राहिलेले नाही. अरक्कोणमचा हा इंजिनिअर झालेला मुलगा दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदातून पुढे आला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत या वृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. पंडित अयोतीदास यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेल्या जातिविरहित तमिळ माणसाच्या कल्पनेवरून त्याचे नाव ठेवलेले आहे. चेन्नईच्या झोपडपट्टीतील मर्तिकाला गायला जाणारा 'गाना' आणि अमेरिकेतील काळ्यांचा रॅप, दोन्ही एकाच मंचावर. आरक्षणावर गाणे, गोमांसावर गाणे, बाबासाहेबांवर गाणे.

त्यानंतर अरिवू दोन दगडांवर पाय ठेवून उभे आहेत. एकीकडे सिनेमा. धारावीतील जमिनीच्या लढ्यावरच्या 'काला' (२०१८) या चित्रपटासाठी त्यांनी गाणे लिहिले. 'मास्टर' (२०२१) मध्ये विजय या बड्या नटासाठी दणदणीत गाणे लिहिले आणि गायलेही. दुसरीकडे स्वतःची ध्वनिमुद्रणे. २०१९ मध्ये संगीतकार ऑफ्रो यांच्यासोबत त्यांनी 'तेरुक्कुरल' हा अल्बम काढला. कुरल म्हणजे आवाज. तेरुक्कुरल म्हणजे रस्त्याचा आवाज, आणि तिरुक्कुरल या तमिळ ग्रंथाच्या नावावर केलेली कोटीही. त्यातले 'अँटी इंडियन' हे गाणे कोणताही निर्माता आपल्या चित्रपटात घेणार नाही.

आपल्याकडे अशा कलावंताला 'विकला गेला' म्हणण्याची फार घाई असते. हे मत मला मान्य नाही. गिरणीत पाळी करून रात्री जलशात उभे राहणाऱ्या आपल्या आजोबांना कुणी विचारले होते काय, की बाबा रे, गिरणी कुणाच्या मालकीची? सिनेमाचे गाणे ही मजुरी आहे. नायकासाठी, प्रसंगासाठी, निर्मात्याच्या पैशासाठी ते लिहिले जाते आणि त्याची मालकी निर्मात्याकडे जाते. स्वतःचे गाणे मात्र जमिनीसारखे असते. मजुरी करून पोट भरावे आणि आपला तुकडा आपण कसावा, यात लाज वाटण्यासारखे काय आहे? खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचे लागते?

मार्च २०२१ मध्ये आलेले 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे या दृष्टीने तपासून पाहावे. हे चित्रपटाचे गाणे नव्हे. गायिका धी आणि अरिवू यांनी ते गायले, निर्मिती संगीतकार संतोष नारायणन यांची. गाण्याचा गाभा मात्र अरिवू यांची आजी वल्लियम्माळ हिच्या आयुष्याचा आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली, परत आल्यावर हाती जमिनीचा तुकडाही नसलेली पिढी, तिचे कष्ट, आणि मर्तिकाला बाया गातात त्या 'ओप्पारी'ची लय. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. लग्नाच्या वरातीतही वाजले. (भूमिहीनांचा विलाप वरातीत वाजावा, हा आपल्या देशाचा स्वभावच आहे.)

पुढे काय घडले? ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाने मुखपृष्ठावर धी आणि कॅनडातील तमिळ रॅपर शान विन्सेंट डी पॉल यांना छापले. निमित्त होते 'एन्जॉय एन्जामी' आणि 'सारपट्टा परंबरै' चित्रपटातील 'नीये ओळी' या दोन गाण्यांचे. दोन्ही गाण्यांत अरिवू यांची लेखणी, पण मुखपृष्ठावर अरिवू नाहीत! पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, ओरड झाली, तेव्हा त्यांचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. वर्षभराने, २८ जुलै २०२२ रोजी, चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात तेच गाणे सादर झाले, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हते. त्यांनी जाहीरपणे सांगितले की हे गाणे आपण रचले, लिहिले, गायले. त्यासाठी कुणी आपल्याला चाल दिली नाही की शब्द दिला नाही. संतोष नारायणन यांनी उत्तर दिले की अरिवू तेव्हा अमेरिकेत होते, चाल आणि निर्मिती आपली आहे आणि उत्पन्नात तिघांचा सारखा वाटा आहे. आणि मार्च २०२४ मध्ये याच संतोष नारायणन यांनी जाहीर केले की गाणे प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीकडून तीन वर्षांत आपल्याला एक पैसाही मिळालेला नाही.

त्या वादाचा निवाडा करणे या स्तंभाचे काम नाही. पण ज्याला आपण 'स्वतंत्र संगीत' म्हणून डोक्यावर घेतो, तिथेही सिनेमाइतकाच मालक असतो, हे त्यावरून उघड होते. उलट सिनेमात श्रेयनामावली तरी पडद्यावरून सरकते.

कायदा काय सांगतो? २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार व संगीतकाराने हक्क विकले तरी, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्याखेरीज गाण्याचा जो अन्य वापर होईल, त्याच्या रॉयल्टीतील त्याचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. तशी सही घेतली असली तरी ती चालत नाही. वारसांनाही तो वाटा मिळतो. ही तरतूद चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणालाही लागू आहे. परंतु वसुली करणारी संस्था पैसे वाटते ते आपल्या सभासदांना. ज्याची नोंदणी नाही, ज्याच्याकडे करारनामा नाही, त्याच्या हाती कायदा असून काय लागणार?

आपली अवस्था याहून बरी आहे, असे कुणी समजू नये. बाबासाहेबांनी जलशाला आपल्या दहा सभांच्या तोलाचे मानले, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. आणि त्याच कार्यक्रमात वामनदादा कर्डकांचे गाणे गाऊन झाले तरी निवेदक त्यांचे नाव घेत नाही. कॅसेटच्या काळात आपल्या कितीतरी गायकांनी एकरकमी बिदागीवर आवाज देऊन टाकला. त्या कॅसेटची गाणी आज मोबाइलवर वाजतात, आणि गायकाच्या मुलाला त्यातले काही मिळते का, हे आपण विचारतही नाही. 'लोकगीत' हा शब्दही जपून वापरला पाहिजे. लिहिणारा माहीत असताना त्याचे गाणे लोकगीत म्हणून गाणे म्हणजे त्याचे नाव पुसणेच होय.

अरिवू थांबलेले नाहीत. चित्रपटांसाठी ते लिहीत राहिले आणि २०२४ मध्ये त्यांनी 'वल्लियम्मा पेरांडी' हा स्वतःचा अल्बम काढला. त्याचा अर्थ वल्लियम्माचा नातू. मळ्यात राबलेल्या आजीचे नाव त्यांनी थेट शीर्षकातच घातले. आता ते कोणत्या मुखपृष्ठावरून वगळायचे ते खुशाल वगळा.

येत्या १४ एप्रिलला गावोगावच्या जयंती समित्या गायक पार्ट्यांना सुपारी देतील. तेव्हा पत्रकावर गायकाच्या नावाखाली गीतकाराचे नाव छापावे. कार्यक्रमाचे चित्रीकरण कुणी यूट्यूबवर टाकणार असेल, तर त्याचे उत्पन्न कुणाला जाईल हे अर्ध्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि आपल्या वस्तीत वकिली करणाऱ्या मुलामुलींनी तेवढा अर्धा पानाचा नमुना मराठीत तयार करून द्यावा, गायकाकडून फी न घेता.