समतोलाचा उपदेश आणि अर्धा कोयता

नोकरी आणि संसार यांचा समतोल कसा साधावा, यावर हल्ली शहरांतून व्याख्याने झडतात. पहाटे लवकर उठावे, कामांची आखणी करावी, मन प्रसन्न ठेवावे, असा त्यांचा एकूण सूर असतो. या व्याख्यात्यांनी एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी किंवा मंठा तालुक्यात यावे. तेथून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याच्या संसाराची आखणी मुकादमाने उचल देतानाच करून ठेवलेली असते.

या व्यवहारात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल जोडीवर मिळते, हिशेब टनावर होतो आणि पैसा बहुधा पुरुषाच्या हाती पडतो. बाई पहाटे कोपीत भाकऱ्या थापते, दिवसभर उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावर वाहते आणि रात्री वाहन येईल तेव्हा भरणीसाठी पुन्हा उठते. खाडा झाला की पैसे कापले जातात. आजारपणही खाड्याच्याच सदरात. तान्हे मूल फडाच्या बांधावर, त्याला सांभाळायला शाळा सोडून आलेली थोरली बहीण. म्हणजे समतोल साधला जातो, पण त्याची किंमत त्या मुलीची शाळा मोजते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. मासिक पाळीचे दिवसही जेथे खाडा ठरतात, तेथे दुसरे काय होणार होते?

कायदे झाले नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली गेली. (केवळ स्त्रियांची डोकी मोजणाऱ्या त्या कायद्याने मूल हे आईचेच, हे मुकाट्याने गृहीत धरले होते, ते वेगळेच.) २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. परंतु या कायद्यांना कारखान्याचे धुराडे दिसले, त्या धुराड्याला ऊस पुरवणारा फड दिसला नाही.

कारखानदार म्हणतात, हे मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. मग कोणत्या फडाला केव्हा तोड द्यायची हे कारखान्याचा शेतकी विभाग कोणत्या अधिकाराने ठरवतो? तोडणीच्या दराच्या वाटाघाटींना साखर संघ कशाला बसतो? आणि त्या वाटाघाटींत समोर बसणाऱ्या संघटनांचाही भर आजवर टनामागच्या दरावरच राहिला आहे. अर्ध्या कोयत्याचे नाव काय, हा प्रश्न मागेच पडला.

पुढील करारात प्रत्येक कोयत्यामागे दोन नावे लिहिली गेली पाहिजेत आणि स्त्रीची मजुरी तिच्याच खात्यात जमा झाली पाहिजे. प्रत्येक तळावर कारखान्याच्या खर्चाने पाळणाघर हवे, तेथे मुले सांभाळणाऱ्या बाईला पूर्ण मजुरी हवी, आणि बाळंतिणीच्या विश्रांतीचे दिवस उचलीतून वळते करण्यास सक्त मनाई हवी.