भिंत नवी बांधा, पण पाण्याला वाट ठेवा



२०२४ च्या पावसात मालपे-पेडणे इथे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेची संरक्षक भिंत कोसळली. ती काही जुनी नव्हती. तालुक्यातल्या जुन्या भिंती तर आज ना उद्या बदलाव्याच लागणार. म्हणून कंत्राट निघायच्या आधीच आम्ही बोलतो.

भिंत बहुतेक वेळा म्हातारपणाने नव्हे, मागे तुंबलेल्या पाण्याने पडते. भिजलेली माती जड होते, पाणी मागून रेटतं, भिंतीची भोकं बुजलेली असली की भिंत पोट काढते. पाठीला खडीचा थर, पाणी जायला पाईप, वर गटार आणि दरवर्षी जूनआधी साफसफाई, हे काँक्रिटच्या जाडीइतकंच महत्त्वाचं. आमच्या वाडवडलांनी खाजनाचे बांध चिखलाने, चिऱ्यांनी बांधले, पण पाण्याला मानस ठेवलीच.

कोणी म्हणेल, रस्त्याच्या भिंतीशी मासेमारांचं काय? पेडण्याच्या एका अंगाला तेरेखोल, दुसऱ्या अंगाला शापोरा. डोंगराची माती ओहळातून शेवटी तिथेच येते. खुबे, कालवं गाळाखाली गुदमरतात. जून-जुलैचे ६१ दिवस समुद्रात ट्रॉलर बंद, तेव्हा कित्येक घरांची चूल नदीवरच पेटते.

मागणी एवढीच: आराखडा ग्रामसभेत ठेवा. पाणी कुठून जाणार आणि खणलेली माती कुठे टाकणार, ते लिहून द्या.

सभासदांनी येत्या ग्रामसभेत हे जरूर विचारावं. आपल्या वाड्यावरच्या भिंतीची भोकं बुजली असतील तर फोटो काढून इथे टाका.