खेळण्यांच्या कपाटाचे कुलूप काढा

एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे आयुक्त आणि जिल्हा परिषदांचे महिला व बालविकास अधिकारी यांस,



अंगणवाडीला खेळणी मिळत नाहीत, ही माझी तक्रार नाही. मिळतात, पण अनेक ठिकाणी ती कपाटात राहतात आणि कपाटाला कुलूप असते. पर्यवेक्षिका येणार म्हटले की ठोकळे, बाहुल्या सतरंजीवर येतात. पर्यवेक्षिका गेल्या की मोजून पुन्हा आत.

दोष सेविकाताईंचा नाही. साठा नोंदवहीत सही त्यांची असते. बदकाची मान मोडली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. तुटपुंज्या मानधनावर राबणारी बाई कुलूपच लावणार.

इकडे चार वर्षांचे पोर करवंटीची कढई करते आणि चिंचोक्यांचा भात शिजवते. एका वस्तूच्या जागी दुसरी कल्पायची ही ताकद त्याला पुढे वाचताना लागते. कागदावरची रेघ म्हणजे तोंडातला आवाज, हे मानणे तसेच असते. मनोरा कोसळला की मोठा ठोकळा खाली ठेवून बघते. पाळीवरून भांडते आणि भांडता भांडता थांबायला शिकते. भिंतीवर रंगवलेल्या मुळाक्षरांकडून यातले काहीच होत नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे कामाला आले. हरवले तर दुसरे वेचायचे! आता केंद्र सरकारने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा संच आणला आहे. पिटारा बंदच राहिला तर जादू कसली?

तेव्हा खेळणी ही झिजणारी वस्तू माना. मोडक्या खेळण्यांचे दरवर्षी निर्लेखन होऊ द्या, त्यासाठी कुणाला जाब विचारू नका. तपासणीत किती शिल्लक आहेत हे मोजण्याऐवजी किती वापरली गेली ते पाहा. भरपाईची खरेदी सावंतवाडीच्या लाकडी खेळणी घडवणाऱ्या कारागिरांकडूनही करता येईल. लहानग्यांनी बारीक वस्तू तोंडात घालू नये म्हणून खेळाच्या वेळी ताईंचे लक्ष मुलांवर हवे, त्या वेळेत मोबाइलवर माहिती भरायला लावू नका.

पुढच्या खरेदीची निविदा निघण्याआधी एवढे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका