जकात आणि मजुरी

रमजानच्या अखेरीस मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावीही दानाची लगबग जाणवते. ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेदेखील, ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत गरिबाघरी पोचवावयाची, हा फित्रा. सणाच्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये, हा त्यामागील हेतू. जकात याहून निराळी. तिला रमजानचे बंधन नाही. परंतु पुण्य अधिक म्हणून बहुतेकजण याच महिन्यात तिचा हिशेब करतात.

जकात उत्पन्नावर नसून साठ्यावर आहे. सोने, चांदी, रोकड आणि व्यापारातील माल ठरावीक मर्यादेहून अधिक असून एक चांद्रवर्ष हाती राहिला, तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, द्यावा लागतो. राहते घर व कारागिराची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. कुराणाने घेणाऱ्यांचे आठ वर्ग सांगितले असून त्यांत गरिबांबरोबर कर्जबाजारीही आहेत. थोडक्यात, ही भीक नव्हे, घेणाऱ्याचा हक्क आहे. आपल्या प्रजासत्ताकाने १९५७ साली संपत्ती कर बसविला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला. जे तत्त्व एखादा श्रद्धाळू दुकानदार निमूटपणे पाळतो, ते शासनाला जड झाले!

परंतु एवढ्यावर समाधान मानता येत नाही. भंडारा जिल्हा वर्षानुवर्षे विडी वळणाऱ्या बायकांच्या हातांवर जगला. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तरी माल नापसंत ठरवून मजुरी कापल्याची तक्रार त्यानंतरही ऐकू येत राहिली. समजा, एखाद्या कंत्राटदाराने वर्षभर अशी मजुरी कापली आणि रमजानात त्याच बाईच्या हाती जकातीची रक्कम ठेवली, तर हिशेब पुरा झाला काय? इस्लामी धर्मशास्त्राचेच उत्तर नकारार्थी आहे. मजुरी हे देणे आहे. ते जकातीच्या खाती मांडता येत नाही.

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. गड्याचा पगार थकवून भंडारा घालणारा जमीनदार याच पंक्तीत बसतो. म्हणून मोहाडीतील मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, अडीच टक्क्यांचा हिशेब मांडताना वहीच्या पहिल्या पानावर थकलेली मजुरी लिहावी. ते पान आम्हा इतरांनीही उघडण्यास हरकत नाही.