दिवाळी ते येळवस: एक दिवस ओढ्याच्या नावाने

गावच्या माणसाला छंद नसतो असे शहरातले लोक समजतात. त्यांनी मार्गशीर्षात लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही गावात दोन दिवस मुक्कामाला यावे. सोयाबीन निघाले, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकली, तूर अजून हिरवी आहे. साखर कारखान्याची टोळी ज्यांच्या फडात आहे ते सोडले तर बाकीच्यांना थोडा दम आहे. या दिवसांत गाव काय काय करते बघा. मारुतीच्या पारावर भजनी मंडळाचा पखवाज घुमतो. शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने चालतात, आणि त्याच्या बक्षिसाची पावती सरपंचांपासून खताच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांवर फाटते. पहाटे शेकोटीभोवती राजकारण, रात्री आगटीवर हुरडा. कुणी बैल सजवण्यात रमतो, कुणी हार्मोनियमवर. तेव्हा छंद नाही असे कोण म्हणतो? छंदच छंद आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की या सगळ्या गर्दीतला एक दिवस ओढ्याला द्या.

थंडीत पाण्याचा विषय काढला की लोक हसतात. विहिरी तुडुंब, ओढा खळखळतोय, आणि हे महाराज आत्ताच दुष्काळ सांगत बसले! पण मंडळी, ओढा वाहतो आहे तोवरच तो अडवता येतो. फेब्रुवारीत कोरड्या वाळूत पोती रचून कुणाचे भले झाले आहे? वनराई बंधाऱ्याची वेळ म्हणजे परतीचा पाऊस थांबल्यापासून फार तर येळवशीपर्यंत. त्यानंतर केलेला बंधारा फोटोपुरता.

वनराई बंधारा हा शब्द तुम्हाला नवा नाही. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने तो गावोगाव नेला, नंतर कृषी खात्याने उचलला, आणि खात्याने उचलला म्हटल्यावर त्याला उद्दिष्ट चिकटले. तालुक्याला इतके, सर्कलला इतके, गावाला दोन. मग भाऊसाहेब दहा माणसे गोळा करतात, वीस पोती आडवी टाकतात, फोटो निघतो, वर जातो. चार दिवसांत पोत्यांखालून पाणी निघून जाते. बंधारा कागदावर मात्र शाबूत. यात ग्रामसेवकाला किंवा कृषी खात्याच्या माणसाला एकट्याला बोल लावून भागत नाही. गाव जर पोती द्यायलाही पुढे येत नसेल तर तो तरी काय करणार?

आता जरा हिशेब मांडू. ओढ्याची रुंदी सहा मीटर धरा. तीन फूट उंच बंधारा घातला आणि पाणी मागे दोनशे मीटरपर्यंत तुंबले, सरासरी खोली चाळीस सेंटीमीटर भरली, तर अडलेले पाणी होते ४ लाख ८० हजार लिटर. हा आकडा ओळखीचा वाटतो का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती ‘जलदूत’. तिच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते सुमारे ५ लाख लिटर. स्टेशनावर हार-तुरे झाले, देशभर बातमी झाली. तेवढेच पाणी तुमच्या गावच्या ओढ्यात दोन-अडीचशे पोती अडवू शकतात, आणि ओढा वाहता असेल तर ते पुन्हा पुन्हा भरते, जमिनीत मुरते, काठच्या विहिरींत उतरते. त्याची मात्र बातमी होत नाही.

काम कसे करावे हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायची गरज नाही. नवख्या पोरांसाठी सांगतो. जागा अशी बघा की दोन्ही काठ उंच आहेत, पात्र अरुंद आहे आणि तळाला खडक किंवा घट्ट मुरूम आहे. तळाचा गाळ आणि सुटी वाळू आधी खरवडून काढा. सगळे बंधारे इथेच फसतात, वरून सुंदर आणि खालून झिरपणारे. पोते तोंडापर्यंत भरू नका. दोन-तृतीयांश भरून सुतळीने शिवा, म्हणजे ते पसरून बसते. गच्च भरलेले पोते ढोलासारखे गोल राहते आणि मध्ये फट पडते. विटा रचतात तशी सांधा चुकवून रचा. तळाला चार-पाच फूट रुंदी आणि वर जाताना कमी. सांध्यात काळी माती लिंपा. मधला भाग काठापेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल आणि काठ खाणार नाही. आणि बंधाऱ्याच्या लगेच खालची वाळू उपसून पोती भरू नका, तो पायाच पोखरायचा धंदा आहे. पंचवीस माणसे मनापासून लागली तर दुपारच्या भाकरीपर्यंत काम होते. क्रिकेटच्या दोन संघांची बेरीज बावीस होते. वर दोन पंच आणि एक कॉमेंट्रीवाला!

खरी भानगड कामात नाहीच, ती पुढे आहे. बैठक बोलावली की मागच्या रांगेतून आवाज येतो, “आमचं रान माळावर हाय, पाणी अडणार वढ्यात. आमाला काय उपेग?” या प्रश्नाला उडवून लावू नका. तो खरा आहे. ओढ्याकाठच्या चार बागायतदारांच्या विहिरीसाठी माळावरच्या कोरडवाहू माणसाने फुकट पाट्या का वाहाव्यात? श्रमदान हा शब्द गोड आहे, पण दान देणारा कोण आणि घेणारा कोण हे गावाला बरोबर कळते. म्हणून पहिला बंधारा पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीजवळ, तिच्या थोडा खालच्या अंगाला घाला. दुसरा जिथे गावची गुरे पाण्यावर येतात तिथे. त्यानंतर बागायतदारांचे बघू, आणि त्यांना बंधारा हवा असेल तर पोती, सुतळी आणि त्या दिवसाचे जेवण त्यांनी घालावे. हे आमचे मत आहे, कुणाला झोंबले तर झोंबू द्या.

जागा ठरवताना बायांना विचारा. कोणत्या विहिरीचे पाणी आधी तळाला जाते, कोणत्या वस्तीचा हातपंप आधी कोरडा पडतो, हे त्यांना पाठ असते. श्रमदानाच्या दिवशी त्यांना चहापुरते बोलवायचे आणि नारळ फोडायला पुढारी, ही रीत आता पुरे झाली.

दुसरी भानगड मोटारींची. बंधारा भरला की तिसऱ्या रात्री कुणीतरी त्यात पाइप सोडतो. पाच अश्वशक्तीची मोटार सेकंदाला दहा लिटर ओढते असे धरा. मघाचे ४ लाख ८० हजार लिटर पाणी तेरा-साडेतेरा तासांत खलास! जिथे फिडरवर अजून रात्रपाळीची लाईट आहे तिथे तर कुणाला कळणारही नाही. थंडीत कुडकुडत हरभऱ्याला पाणी देणाऱ्या माणसाला आम्ही चोर म्हणणार नाही, त्याची अडचण आम्हाला ठाऊक आहे. पण पंचवीस जणांच्या घामाचे पाणी एकाच्या सरीत जाता कामा नये. बंधाऱ्यात थेट मोटार टाकायची नाही, विहिरीत येईल तेवढे घ्यायचे, असा ठराव बंधारा घालण्याआधी ग्रामसभेत लिहून घ्या. नंतर तो होत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची सगळे वाहवा करतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले, आणि पुढे त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, पावसाळा संपला की पाणी मोजून पिके ठरवायची पद्धत लावली. बंधारे तर पुष्कळ गावांत आहेत. आपण तिथे सहल नेतो, बंधाऱ्यांचे फोटो काढतो आणि ठरावाचे कागद बघत नाही.

दिवस कोणता, हाही वादाचा विषय होतो. २० डिसेंबर कसा वाटतो? गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच तारखेला बाबा गेले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा नेम. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, एखादा रस्ता झाडतो आणि चहा पितो. भजनी मंडळाने त्या दिवशी टाळ-पखवाज ओढ्यावर न्यावा. पाट्या चालू असताना भजन म्हटले तर हात आपोआप उचलतात. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर या हंगामात तुमच्या गावी येणार असेल तर त्या पोरांना शाळेच्या भिंतीवर घोषणा रंगवायला लावू नका. भिंती तशाही रंगलेल्या आहेत. त्यांना ओढा दाखवा.

आणि गावाजवळ कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याची दारे बसली की नाही, रबर गळते का, हे आधी जाऊन बघा. तयार दगडी बंधारा दारांवाचून रिकामा वाहत असताना शेजारी पोती रचायची, म्हणजे घरात कणगी भरलेली आणि उसने पीठ मागायला जायचे.

येळवशीला सगळे गाव रानात असते. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी, आंबिल, उंडे. पाहुणेरावळे शहरातून येतात, जिल्ह्याला सुट्टी असते. पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली पोरे त्या दिवशी हमखास गावी येतात आणि गावासाठी काहीतरी करायचेय म्हणतात. त्यांना कमान-बिमान सुचवू नका. जेवण झाले की भरलेला बंधारा दाखवायला न्या, आणि सांगा की मे महिन्यात दोन दिवस रजा काढून या. कारण ही प्लास्टिकची पोती उन्हाने फाटतात आणि पहिल्या पुरात चिंध्या होऊन खालच्या गावाच्या बांधाला अडकतात. पाऊस पडायच्या आत ती काढायची असतात, आणि मागे साचलेला गाळ माळावरच्या रानात टाकायचा असतो. माळावरच्या माणसाचा वाटा तोच.

तोवर खताची रिकामी पोती उकिरड्यावर टाकू नका. धुऊन, वाळवून, वीस-वीसची गठडी बांधून शाळेच्या किंवा सोसायटीच्या खोलीत उंच टांगून ठेवा. खाली ठेवली तर उंदीर सोडत नाहीत.