बारभाईंचे मूल

कोलकात्याच्या बेहाला चौरास्त्यावर ४ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी वडिलांसमवेत शाळेला निघालेला इयत्ता दुसरीतील एक मुलगा मालमोटारीखाली चिरडला गेला. वडील जबर जखमी झाले. संतप्त जमावाने पोलिसांचे वाहन पेटवले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्यानंतर चक्रे फिरली. शाळेच्या वेळेत अवजड वाहनांवर निर्बंध आले, रस्ता ओलांडण्याच्या जागी अडथळे बसले आणि पोलिसांची संख्या वाढली. यातील एकही उपाय असा नव्हता की जो ३ ऑगस्टला करणे अशक्य होते. मग तो का झाला नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ एका चालकाच्या बेदरकारपणात शोधणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे.

ज्या डायमंड हार्बर मार्गावर हा अपघात झाला, तो दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या डोक्यावरून धावणारी मेट्रो रेल्वेची. जोका ते तारातला हा तिचा पहिला टप्पा जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. सिग्नल पोलिसांचा, शाळा राज्याच्या शिक्षण खात्याच्या छत्राखालची, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि दिवाबत्ती, उद्याने, लसीकरण महापालिकेचे. आपापल्या चौकटीत प्रत्येक खाते काम करीत असेलही. परंतु घरातून निघून शाळेत पोहोचणारे मूल या सर्व चौकटी ओलांडत जाते आणि तो संपूर्ण रस्ता कोणाच्याच कागदावर नसतो.

बेहालाचा प्रशासकीय इतिहासच या विखंडनाचा नमुना आहे. साउथ सबर्बन या स्वतंत्र नगरपालिकेचा हा परिसर १९८४ मध्ये कोलकाता महापालिकेत विलीन झाला. पोलीस ठाणी मात्र कोलकाता पोलिसांकडे यायला २०११ उजाडले. बेहाला पूर्व आणि बेहाला पश्चिम हे विधानसभा मतदारसंघ आजही दक्षिण २४ परगणा जिल्ह्यात मोजले जातात, तर लोकसभेसाठी ते कोलकाता दक्षिणमध्ये मोडतात. म्हणजे महापालिका एका नावाची, जिल्हा दुसऱ्या नावाचा. अशा ठिकाणी नियोजन करायचे कोणी, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

तथापि दोष केवळ पश्चिम बंगालचा नाही. त्याचे मूळ दिल्लीत, संसदेने केलेल्या घटनादुरुस्तीत आहे. ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी १९९३ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण आहे, महिला व बालविकासही आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत रस्ते, पूल, क्रीडांगणे आहेत. गुरांचे कोंडवाडे आणि कत्तलखानेही आहेत. नाही तो बालविकास. शिक्षणाचा उल्लेख आहे, तो शैक्षणिक बाबींच्या ‘संवर्धना’पुरता. जन्म-मृत्यूची नोंद मात्र आवर्जून आहे. मूल जन्मले, याची नोंद शहराने ठेवायची आणि ते दगावले तर त्याचीही. या दोहोंमध्ये जे आयुष्य असते, त्याविषयी अनुसूची जवळपास मौन पाळते.

या मौनाचा अर्थ बेहालाच्या शेजारी स्पष्ट दिसतो. जोका येथील दोन ग्रामपंचायती २०१२ मध्ये कोलकाता महापालिकेत आल्या आणि शहराचे प्रभाग १४१ वरून १४४ झाले. रस्ते-पाण्याची आशा निर्माण झाली असेल. परंतु अकराव्या अनुसूचीतून बाराव्या अनुसूचीत जाताना तेथील मुले हा स्थानिक संस्थेचा घोषित विषय राहिली नाहीत. शहरीकरणाची ही किंमत कोणीही मोजलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून स्थानिक प्राधिकरणावर चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याचे कर्तव्य टाकले खरे. पण नोंदवही म्हणजे नियोजन नव्हे.

सत्तेच्या जवळिकीने हा प्रश्न सुटत नाही, हेही बेहालाच सांगतो. बेहाला पश्चिममधून २००१ ते २०२१ अशा सलग पाच निवडणुका जिंकणारे पार्थ चॅटर्जी २०१४ ते २०२१ या काळात राज्याचे शिक्षणमंत्री होते. शिक्षक भरती प्रकरणात जुलै २०२२ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांचा दोषादोष ठरवणे न्यायालयाचे काम. परंतु एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस हजारांहून अधिक शालेय नेमणुका रद्द केल्या, तेव्हा त्याची झळ वर्गात बसलेल्या मुलांना लागली. या मुलांच्या वतीने एकत्रित हिशेब मागणारी स्थानिक यंत्रणा तेव्हाही नव्हती.

राज्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘कन्याश्री’ योजनेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला; ‘सबुज साथी’तून विद्यार्थ्यांना सायकली मिळाल्या. पण सायकल देणारे खाते वेगळे आणि ती चालवायचा रस्ता सुरक्षित ठेवणारे वेगळे, तोवर लाभ आणि धोका एकाच मुलाच्या पदरी पडतात. योजना व्यक्तीपर्यंत पोहोचते, नियोजन वस्तीपर्यंत पोहोचत नाही.

इंग्लंडला हा धडा एका बालिकेच्या मृत्यूने शिकवला. व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी २००० मध्ये छळाने मरण पावली. पोलीस, रुग्णालये, समाजसेवा खाते या सर्वांच्या नजरेखालून ती गेली होती. चौकशीनंतर २००४ च्या बालक कायद्याने या यंत्रणांवर परस्पर सहकार्याचे कर्तव्य लादले आणि प्रत्येक स्थानिक परिषदेत मुलांच्या सेवांसाठी एक जबाबदार संचालक आणला. संयुक्त आराखड्याची सक्ती मात्र तेथील नव्या सरकारने २०१० मध्ये काढून टाकली. याउलट स्कॉटलंडने २०१४ च्या कायद्याने स्थानिक परिषद व आरोग्य मंडळ यांना दर तीन वर्षांनी एकत्र आराखडा करणे बंधनकारक केले. निष्कर्ष उघड आहे : समन्वय सदिच्छेवर सोडला तर तो सरकारागणिक बदलतो.

आणखी एक समिती नेमून काय साधणार, हा आक्षेप रास्त आहे. पैसा आणि उत्तरदायित्व नसलेली समिती चहापानापलीकडे जात नाही. म्हणून मागणी नेमकी हवी. कोलकात्यातील बरो समित्यांच्या पातळीवर शाळा, अंगणवाडी, आरोग्य, पोलीस आणि रस्ते यांचा मुलांसाठी एकच वार्षिक आराखडा असावा, तो जाहीर व्हावा, त्यावर शाळकरी मुलांचे व तरुणांचे म्हणणे ऐकले जावे आणि त्याची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या अधिकाऱ्यावर असावी. केंद्रीय अर्थसंकल्पात २००८-०९ पासून मुलांवरील खर्चाचे स्वतंत्र विवरण येते. ते प्रभागापर्यंत का येऊ नये? आणि संसदेने बाराव्या अनुसूचीत बालविकास हा विषय घालावा. महाराष्ट्रालाही यात दूरचा प्रेक्षक होता येणार नाही. मुंबईत शाळा पालिकेच्या, अंगणवाड्या राज्याच्या, मेट्रो प्राधिकरणाची, वाहतूक पोलिसांची. शिवाय मार्च २०२२ नंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती.

मराठीत ‘बारभाई कारभार’ ही शिवी झाली आहे. पण १७७४ मध्ये बारभाई एकत्र आले ते एका तान्ह्या मुलाचा हक्क राखण्यासाठी, आणि त्यांना यश आले ते उद्दिष्ट एक होते व पुढे जबाबदारी नाना फडणविसांनी अंगावर घेतली म्हणून. आपल्या शहरांत भाई बारांहून अधिक आहेत. जबाबदारी अंगावर घेणारा एकही नाही, आणि तो नेमण्यासाठी दर वेळी एखाद्या मुलाच्या मृत्यूची वाट पाहावी लागते.